पडद्यावरच्या मुंग्या : घरगुती संगणकांच्या इतिहासातील एक प्रकरण



यंत्राचा इतिहास सांगताना ते कोणी शोधले, किती विकले आणि शोधकाला पुढे कोणती पदवी मिळाली, एवढे बहुधा सांगितले जाते. ते यंत्र बिघडले कसे आणि दुरुस्त कोणी केले, ह्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. माझे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले, आणि त्या कामात बिघाडाची बाजूच रोज समोर येते; म्हणून मला तिची गोडी लागली. आज मी ज्या बिघाडाबद्दल बोलणार आहे तो अगदी लहान आहे. १९८० नंतरच्या दहा वर्षांत विकला गेलेला एखादा घरगुती संगणक टीव्हीला जोडला, वीज दिली, आणि पडद्यावर अक्षरांऐवजी नुसत्या मुंग्या आल्या. पण हा दोष नेमका कोठे असतो आणि तो कोणाच्या माथी मारला जातो, ह्याचा माग काढू लागले की पुष्कळ गोष्टी बाहेर पडतात.

पहिला प्रश्न असा की, संगणक टीव्हीला जोडावयाचाच कशाला? कारण एकच, पैसा. चित्र दाखविणारा स्वतंत्र पडदा, म्हणजे मॉनिटर, त्या काळी मध्यमवर्गीय घराला परवडत नव्हता. टीव्ही मात्र घरात आधीच येऊन बसलेला होता. अमेरिकेत १९७७ साली 'टीआरएस-८०' निघाला, त्याच्याबरोबर ट्यूनर काढून टाकलेला कृष्णधवल टीव्हीच पडदा म्हणून दिला जात असे. संगणकातून निघणाऱ्या रेडिओलहरींनी शेजाऱ्यांचे कार्यक्रम बिघडू नयेत म्हणून तिथल्या सरकारी आयोगाचे नियम कडक होते. त्यामुळे 'ॲपल-दोन' टीव्हीशी जोडणारा मॉड्युलेटर यंत्रात न घालता विकला गेला, आणि तो भाग दुसऱ्याच एका कंपनीने वेगळा विकला. १९७९ सालच्या 'टीआय-९९/४'बरोबर तर त्याच नियमांमुळे रंगीत मॉनिटर देणे भाग पडले, आणि ते यंत्र अकराशे डॉलरांच्या पुढे गेले. सामान्य माणसाच्या घरात असली यंत्रे शिरणे कठीण होते.

इंग्लंडात क्लाईव्ह सिंक्लेअर ह्यांनी दुसरी वाट धरली. प्रत्येक शिलिंग वाचवावयाचा आणि यंत्र थेट टीव्हीच्या ॲन्टेनाच्या खोबणीत लावावयाचे. १९८० सालचा 'झेडएक्स-८०' तयार स्थितीत ९९ पौंड ९५ पेन्सला, आणि १९८१ सालचा 'झेडएक्स-८१' तर ६९ पौंड ९५ पेन्सला मिळत असे. पहिल्यात २१ चिप्स होत्या, दुसऱ्यात चार! हे साधण्यासाठी चित्र काढण्याचे कामही मुख्य प्रक्रियकावरच टाकलेले होते. झेडएक्स-८० गणित करू लागला की पडदा कोरा पडे. हिशेब करणे आणि दाखविणे ही दोन्ही कामे त्याला एका वेळी जमत नसत. झेडएक्स-८१ मध्ये दोन वेग ठेवले. एकात चित्र दिसत राही पण काम रखडे, दुसऱ्यात काम भराभर होई पण चित्र जाई. नव्याने यंत्र घेतलेल्या किती लोकांनी हे चित्र जाणे म्हणजे बिघाड समजून तारा हलविल्या असतील, कोण जाणे. एका माणसाला दोन यंत्रांवर उभे करून मग उत्पादन कमी का म्हणून विचारणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत, त्यामुळे मला ह्या यंत्राची थोडी कीवच येते.

मग २३ एप्रिल १९८२ रोजी 'झेडएक्स स्पेक्ट्रम' जाहीर झाला. ह्याला रंग होते, किंमत १२५ किंवा १७५ पौंड, आणि एकंदरीत पन्नास लाखांहून अधिक नग खपले. बिघाड समजण्यासाठी ह्यातील चित्राचा प्रवास समजून घेऊ. यंत्राच्या पोटातील 'युएलए' नावाची फेरांटी कंपनीची चिप चित्र तयार करते. तिच्याकडून निघालेले रंगाचे संकेत एक दुसरी चिप टीव्हीला कळतील अशा रूपात गुंफते आणि उजेड-काळोख व रंग मिळून एकच संकेत बनतो. त्याला कॉम्पोझिट म्हणतात. तो संकेत दोन तारांच्या जोडीतील एका तारेने पत्र्याच्या एका लहान डबीत जातो. दुसऱ्या तारेने त्या डबीला पाच व्होल्ट मिळतात. ही डबी म्हणजे मॉड्युलेटर. ते एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच म्हणावयाचे. आलेले चित्र ती युएचएफच्या ३६ क्रमांकाच्या वाहिनीवर, सुमारे ५९१ मेगाहर्ट्झवर स्वार करते, आणि एका केबलीतून टीव्हीकडे पाठविते. टीव्हीला वाटते, दूरच्या डोंगरावरून कार्यक्रम आला. चित्र असे एकदा गुंडाळून पुन्हा उलगडावे लागते, आणि दर खेपेला थोडे झिजते. घरातल्या टीव्हीवर बसण्यासाठी दिलेली ही किंमत होती.

आता दोष शोधावयाचा तर सुरुवात यंत्र उघडून करू नये. आधी टीव्ही ३६ वर लावलेला आहे का, हे पाहावे. ३६ हा क्रमांक ब्रिटनमध्ये कार्यक्रमांच्या प्रक्षेपणासाठी वापरीत नसत, म्हणून व्हिडिओ रेकॉर्डर बनविणारेही तोच वापरीत. एकाच केबलीवर रेकॉर्डर आणि संगणक दोघे असले की दोघांचे भांडण होई आणि पडद्यावर तिरप्या रेघा नाचत. पुढे ३० मार्च १९९७ रोजी तिथे 'चॅनेल फाइव्ह' सुरू झाले तेव्हा त्याला पुष्कळ ठिकाणी ३५ आणि ३७ ह्या शेजारच्या जागा मिळाल्या. त्यामुळे घरोघरचे रेकॉर्डर बिघडल्यासारखे दिसणार, म्हणून परवान्याच्या अटीतच असे घातले गेले की कंपनीने आपल्या खर्चाने लक्षावधी घरांत माणसे पाठवून ती यंत्रे नव्याने जुळवून द्यावीत. माणसे खरोखरच घरोघर गेली. दोष उत्पन्न करणाऱ्याने तो निस्तरावयाचा, असा करार मला आमच्या क्षेत्रात फारसा पाहावयास मिळालेला नाही!

आपल्याकडची गोष्ट जरा वेगळी. १९७०-८० च्या काळातल्या आपल्या टीव्ही संचांवर कट्कट् आवाज करीत फिरणारे गोल बटण असे, आणि ते फक्त व्हीएचएफच्या बारा जागांवर फिरे; दूरदर्शनचे प्रक्षेपणही तिथेच होते. कोणाच्या मामाने लंडनहून स्पेक्ट्रम आणला आणि तो असल्या संचाला जोडला, तर जन्मभर मुंग्याच. यंत्र ठीक, केबल ठीक, टीव्हीही ठीक. पण बोलणारा एका गावचा आणि ऐकणारा दुसऱ्या. ह्यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते, तरी दुरुस्ती पुष्कळांनी केली असणार. दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीने परवाना घेऊन 'स्पेक्ट्रम प्लस' भारतात आणला. तेव्हा हा छोटा काळा संगणक आपल्याकडच्या काही मुलांच्या हाती आला, आणि आज पन्नाशीत असलेले काही अभियंते त्यावरच बोटे वळवून शिकले.

वाहिनी जुळलेली असली की मग डोळ्यांनी एक परीक्षा करावी. ती अत्यंत उपयोगाची आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. संगणक बंद असताना पडद्यावर मुंग्या आहेत. आता त्याला वीज द्या. मुंग्या तशाच राहिल्या तर डबीला वीज मिळत नाही, किंवा केबल तुटलेली आहे, किंवा वाहिनी चुकली आहे. परंतु मुंग्या नाहीशा होऊन पडदा एकदम शांत, काळा किंवा करडा झाला, तर समजावे की डबी जिवंत आहे आणि केबलही धड आहे; दोष डबीच्या अलीकडे, यंत्राच्या पोटात आहे. चित्र आले पण रंग नाही, तर केबलीला हात लावू नये. रंग गुंफणारी चिप, तिचा स्फटिक, किंवा तिला लागणारे बारा व्होल्ट तपासावेत. चौकटी-चौकटींची रांगोळी किंवा उभे पट्टे आले, तर बहुधा स्मृतीच्या चिप्स गेल्या. आडव्या जाड छाया सावकाश वर सरकत असतील, तर वीजपुरवठ्याकडे पाहावे.

केबलीचे म्हणाल तर, संगणकाच्या बाजूला जो फोनो प्लग असतो त्याच्या बाहेरच्या पाकळ्या काढघाल करून फाकतात. मधली काडी लागते, बाहेरचे कडे लागत नाही, आणि चित्र भुतासारखे दुहेरी दिसते किंवा थरथरते. पक्कडीने पाकळ्या हलकेच आत दाबल्या तर निम्मे रोगी तिथेच बरे होतात. मल्टिमीटरने केबलीची दोन्ही टोके तपासावीत, आणि तपासताना केबल वाकवून पाहावी, कारण तुटलेली तार सरळ असताना जोडल्यासारखी वागते. टीव्ही मात्र कोणी उघडू नये. जुन्या चित्रनळीवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि संच बंद केल्यावरही ते काही काळ दबा धरून बसतात.

एवढ्यानेही भागले नाही की मग जोडाकडे यावे लागते. जोड म्हणजे डाखाचा थेंब. नीट बसलेला डाख चकचकीत असतो आणि तारेभोवती उतरता पसरतो. कच्चा डाख, ज्याला कारखान्यात ड्राय सोल्डर म्हणतात, तो मळकट आणि गोळीसारखा दिसतो. किंवा मूळचा चांगला असून वर्षानुवर्षे हिसके खाल्ल्यामुळे काडीभोवती केसाएवढी गोल भेग पडते. यंत्र थंड असताना चित्र येते, तापले की जाते. टिचकी मारली की परत येते.

ह्या गोल भेगेची आणि माझी ओळख चार्जशीटमुळे झाली. सुमारे तीस वर्षांपूर्वी टीव्ही जोडणाऱ्या एका कारखान्यात डाख लावणाऱ्या तीन भगिनींना निष्काळजीपणाबद्दल चार्जशीट दिली गेली. बाजारातून परत आलेल्या संचांत ॲन्टेनाची खोबण सुटत होती, आणि ती खोबण त्यांच्या टेबलावर बसत होती. आणखी पुरावा व्यवस्थापनाला लागला नाही. मी त्यांचा बचाव प्रतिनिधी. मला इलेक्ट्रॉनिक्समधले तेव्हा काही कळत नव्हते. मी परत आलेल्या पाट्या मागितल्या आणि गल्लीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला भिंग घेऊन बसविले. त्याने दाखविले की डाख उत्तम चढलेला आहे. पण ती खोबण पेटीला स्क्रूने घट्ट बसविलेली नाही, तिचा सारा भार डाखाच्या थेंबांवर आहे. कोणी केबल ओढली की ताण डाखावर. आधीच्या नमुन्यात दोन स्क्रू होते, ते खर्च वाचविण्यासाठी काढले होते. हे चौकशीत मांडल्यावर दोघींची चार्जशीट मागे घेतली गेली. तिसरी भगिनी चौकशीला कंटाळून आधीच राजीनामा देऊन गेली होती. तिला मी परत आणू शकलो नाही.

तेव्हापासून कोणत्याही यंत्राचा जोड पाहिला की हे काम कोणी केले असेल, हा प्रश्न माझ्या मनात येतो. सिंक्लेअरच्या यंत्रांच्या बाबतीत त्याचे उत्तर आहे: स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या टायमेक्स कारखान्यातील कामगारांनी, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. डंडी हे तागाचे शहर. बंगालचा ताग तिथल्या गिरण्यांत जाई आणि त्या गिरण्यांतही बायकाच अधिक असत. गिरण्या मंदावल्या, महायुद्धानंतर टायमेक्स घड्याळे बनवू लागली, आणि बारीक कामाला सरावलेली बोटे तिकडे वळली. झेडएक्स-८१ आणि स्पेक्ट्रम ह्याच बोटांनी जोडले. सुरुवातीच्या काही स्पेक्ट्रमच्या पोटात एक विचित्र वस्तू सापडते. मुख्य चिपच्या आखणीत चूक राहिली, म्हणून एक लहान चिप पाय वर करून चिकटविलेली आणि सुट्या तारांनी डाखलेली. हौशी लोक तिला 'मेलेले झुरळ' म्हणतात. चूक कागदावर झाली, ती निस्तरली हातांनी. आणि विनोद झाला झुरळाचा.

१९८३ च्या सुरुवातीला, म्हणजे स्पेक्ट्रमची मागणी पुरी करता करता कंपनी थकत होती त्याच काळात, टायमेक्सने घड्याळांचे काम आटोपून १,९०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. कामगारांनी मिल्टन येथील कारखाना काही आठवडे ताब्यात ठेवला. एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरने आपला संगणकांचा धंदा ॲमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांना विकला आणि नवी यंत्रे पूर्वेकडे बनू लागली. डंडीला उरलेसुरले काम राहिले. जानेवारी १९९३ मध्ये कामबंदी आणि वेतनगोठवणीच्या प्रश्नावर संप झाला. कामगार परत आले तेव्हा फाटके बंद होती. तीनशेहून अधिक जणांना काढून टाकून नवी माणसे बसमधून आत नेण्यात आली. बायका महिनोन् महिने फाटकावर उभ्या राहिल्या. ऑगस्ट १९९३ मध्ये कंपनीने कारखानाच बंद केला. ह्या लढ्यात काय चुकले ह्यावर संघटनांमध्ये आजही वाद होतो. माझे मत विचाराल तर, यंत्राची मागणी शिगेला असताना १९८३ साली जो दबाव आणता आला असता तो दहा वर्षांनी उरला नव्हता. पण तो विषय आजचा नव्हे.

पुन्हा यंत्राकडे येऊ. यंत्राच्या पोटातील दोषांत एक असा आहे की जो वापरणाऱ्याच्या हातून घडतो, परंतु त्याला निमंत्रण यंत्रानेच दिलेले असते. स्पेक्ट्रमच्या पाठीमागे सर्किट बोर्डाची उघडी कड बाहेर डोकावते. जोडसामान तिच्यावर सरकवून बसवावयाचे. यंत्र चालू असताना ते किंचित तिरके झाले की नको ती पट्टी नको तिला चिकटते. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ किलोबाइट स्मृतीला पाच, बारा आणि उणे पाच असे तीन दाब लागतात. ते बनविणारा छोटा ट्रान्झिस्टर ह्या धक्क्याने जळतो, उणे पाच व्होल्ट जातात, आणि त्यापाठोपाठ स्मृतीच्या चिप्सही बळी पडतात. पडद्यावर उभे पट्टे. झेडएक्स-८१ च्या मागे लावावयाची १६ किलोबाइटची पेटी तर इतकी डुगडुगे की टेबलाला धक्का लागला तरी तासभर टंकलेले सारे जाई. लोक ती चिकणमातीसारख्या गोळ्याने दाबून बसवीत. आणखी एक सावधगिरी: स्पेक्ट्रमच्या वीजपुरवठ्याच्या पिनेत मध्यभागी ऋण असते, म्हणजे आजच्या बहुतेक पुरवठ्यांच्या उलट. घरातला दुसरा कोणताही ९ व्होल्टचा पुरवठा खुपसण्यापूर्वी मीटर लावून पाहावे.

आणि कधीकधी दोष कोठेच नसतो. झेडएक्स-८१ आजच्या सपाट टीव्हीला जोडला की चित्र येते, पण काळपट, जेमतेम वाचता येईल असे. तारा बदलल्या, डाख बदलला, तरी तेच. त्याचे कारण असे: चित्राच्या प्रत्येक रेघेच्या आरंभी एक खूणसंकेत असतो आणि त्यानंतर क्षणभर संकेत काळ्या पातळीवर थांबावयाचा असतो. टीव्ही त्या क्षणी 'काळे म्हणजे एवढे' असे माप घेतो. सुरुवातीच्या झेडएक्स-८१ मधील चिप हा क्षण देतच नसे, खूण संपली की सरळ पांढऱ्यावर जाई. जुने संच इतके काटेकोर नव्हते, त्यांनी चालवून घेतले. नवा संच पांढऱ्यालाच काळे समजून बसतो आणि सारे चित्र अंधारते. पुढच्या चिपमध्ये ही उणीव भरून काढली गेली. जुन्या यंत्रात तेवढा क्षण घालणारी छोटीशी पाटी हौशी लोक आता बसवितात.

ब्रिटनमध्ये जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण २०१२ अखेर बंद झाले. नव्या संचांतून तसला ट्यूनर हळूहळू गळत चालला आहे, त्यामुळे ३६ नंबरवर बोलणारी डबी ठीक असूनही तिचे ऐकणारा कोणी उरत नाही. म्हणून स्पेक्ट्रमवर आता एक सोपी शस्त्रक्रिया करतात. डबीतला प्रक्षेपणाचा भाग खोबणीच्या मधल्या काडीपासून सोडवावयाचा आणि डबीत येणारा कॉम्पोझिट संकेत सरळ त्या काडीला जोडावयाचा. दोनच जोड आहेत. टीव्हीच्या पिवळ्या खोबणीत केबल लावली की चित्र पूर्वी कधी नव्हते इतके स्वच्छ येते. हे करताना मूळचे काही कापू नये. आतील सोडविलेल्या टोकाला नळीचा तुकडा चढवून ते डबीतच दुमडून ठेवावे आणि झाकण लावावे, म्हणजे पुढे कोणाला यंत्र पूर्वीसारखे करावयाचे झाले तर डंडीला लावलेला डाख जागेवर सापडेल.